लोणारची मोजदाद

लोणार हे बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण बाजूचे तालुक्याचे गाव. विदर्भ इथे सरत आलेला असतो आणि मराठवाडा हाकेच्या अंतरावर असतो. रिसोड, मंठा, जिंतूर ही नावे इथल्या माणसाच्या बोलण्यात मेहकरइतकीच सहज येतात, आणि बोलीतही वऱ्हाडी वळण आणि मराठवाडी हेल एकमेकांत मिसळलेले आहेत. गावाच्या कडेलाच जमीन एकाएकी खचते. खाली सव्वाशे-दीडशे मीटरवर हिरवट पाण्याचे गोल सरोवर दिसते. भूगोलाच्या पुस्तकात लोणार म्हणजे हे सरोवर, तर जनगणनेच्या पुस्तकात लोणार म्हणजे वॉर्ड, घरे आणि कुटुंबे. ही दोन पुस्तके एकमेकांकडे फारशी पाहत नाहीत, असा इथे नोंदी करण्याचे काम केलेल्यांचा जुना अनुभव आहे.

सरोवर किती मोठे, या साध्या प्रश्नालाच कागदोपत्री चार उत्तरे मिळतात. विवराच्या काठापासून समोरच्या काठापर्यंतचे अंतर सुमारे १.८ किलोमीटर. तळाशी पाण्याचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर, म्हणजे पाण्याखालचे क्षेत्र साधारण ११३ हेक्टर. २००० साली जाहीर झालेले लोणार वन्यजीव अभयारण्य ३६५ हेक्टरांचे. २०२० मध्ये रामसर यादीत नोंदवलेली पाणथळ जागा ४२७ हेक्टरांची. चारही आकडे बरोबर आहेत. प्रत्येक खात्याने आपापली रेघ ओढली आहे, एवढेच. नवख्या कर्मचाऱ्याची तारांबळ उडते ती यातला एक आकडा दुसऱ्याच्या जागी लिहिला गेला की. त्यात पाण्याची कड ही काही पक्की हद्द नव्हे. ती उन्हाळ्यात आत सरकते आणि पावसाळ्यात बाहेर येते, त्यामुळे मोजणी कोणत्या महिन्यातली हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

विवर उल्कापाताचे आहे, ही गोष्ट आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तिथवर पोचायला मात्र दीडशे वर्षे गेली. १८२३ साली ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर याने या जागेची दखल घेतली. त्यानंतर बराच काळ हे ज्वालामुखीचे तोंड असावे असेच मानले जात होते. आजूबाजूचा सारा मुलूख लाव्ह्याच्या थरांचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या पाषाणाचा, त्यामुळे तो समज स्वाभाविकच होता. १९७०च्या दशकात तळाशी छिद्रे घेऊन खडकांचे नमुने काढले गेले आणि प्रचंड आघाताशिवाय तयार न होणारी काच त्यांत सापडली. १९७३ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि वाद मिटला. वयाचा वाद अजून मिटलेला नाही. एका पद्धतीने विवराचे वय सुमारे ५२ हजार वर्षे निघते, तर आर्गॉनवर आधारलेल्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. फलकांवर आणि पुस्तिकांत बहुधा पहिलाच आकडा दिसतो. गाइडच्या तोंडीही तोच बसला आहे.

आघाताने उडालेला दगड-मातीचा थर काठाच्या बाहेर एक किलोमीटरहून दूरवर पसरलेला आहे. गावाची जुनी वस्ती विवराच्या ईशान्य अंगाला, याच थरावर उभी आहे. गाव नेमके इथेच का वसले याचे उत्तर सरोवरात शोधून सापडत नाही. ते धारेवर सापडते.

धार म्हणजे ईशान्येच्या कडेवरचा बारमाही झरा. गोमुखातून पडणारे पाणी आधी कुंडात येते, मग उतारावरून खाली सरोवराकडे जाते. भोवती देवळे, पायऱ्या, ओवऱ्या. पहाटे स्नानाला आलेले भाविक आणि कळशा घेऊन आलेल्या बाया यांची गर्दी इथे वर्षानुवर्षे एकत्रच होत आली. आटणाऱ्या विहिरींच्या मुलखात न आटणारे गोडे पाणी ज्या कडेला, त्याच कडेला गाव. यात फार मोठे गूढ नाही. विवराच्या उतारावर रामगया, पापहरेश्वर अशा आणखीही काही जागी झरे आणि देवळे जोडीनेच भेटतात. सरोवराच्या काठी कमळजा देवीचे मंदिर आहे आणि त्याच्याजवळ सासू-सुनेची विहीर. तिच्या एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारट, असे गावकरी सांगतात. कोणती बाजू सासूची, यावर मात्र एकमत होत नाही.

सरोवराचे पाणी ना प्यायच्या कामाचे, ना शेतीच्या. ते खारट आहेच, पण त्याहून अधिक अल्कधर्मी आहे. त्याचा पीएच दहाच्या आसपास नोंदवला जात आला आहे. नमुना घ्यायला काठाशी उतरले की आधी वास येतो तो कुजलेल्या शेवाळाचा. पाय घोट्यापर्यंत काळ्या गाळात रुततो. पाणी बोटांत चोळले तर साबणासारखे बुळबुळीत लागते, आणि परीक्षणाचा कागद बुडवताक्षणी गडद निळा होतो. इथे आत येणाऱ्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. पाऊस आणि झरे भर घालतात, ऊन पाणी उचलून नेते आणि क्षार मागे राहतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर छायाचित्रे झळकली. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि क्षारात जगणारे सूक्ष्मजीव फोफावले, असा उलगडा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केला. अलीकडे उलटेच घडते आहे. पाण्याची पातळी चढली, ते कमळजा मंदिराच्या आवारापर्यंत आले, पीएच उतरला आणि सरोवरात मासे दिसल्याच्या बातम्या आल्या. लोणारच्या सरोवरात मासा ही बातमी ठरते, यातच या पाण्याचा स्वभाव आला.

म्हणून तळ्याकाठी असूनही हे कोळ्यांचे गाव झाले नाही आणि तळ्याखालचा बागायती पट्टाही इथे तयार झाला नाही. तळ्याने गावाला दिला तो खार. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त इथल्या काचेच्या आणि साबणाच्या कच्च्या मालाची नोंद आहे. इंग्रजी अमदानीतल्या दप्तरात या खाराच्या प्रती दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा नावांनी लिहिलेल्या सापडतात. उन्हाळ्यात पाणी हटले की काठावर पांढरे थर धरत, ते खरवडून काढायचे आणि वाळवून विकायचे, असा तो धंदा होता. आज तो इतिहासजमा झाला आहे. व्यवसायाच्या रकान्यात त्याची खूणही उरलेली नाही.

विवराच्या आतली झाडी रिंगणांनी वाढलेली आहे. वरच्या उतारावर पानझडीचे रान, खाली चिंच-बाभळीचा पट्टा आणि पाण्यालगत काहीच न उगवणारी पांढुरकी चिखलपट्टी. मोर भरपूर. पूर्वी झऱ्यांच्या पाण्यावर आतल्या उतारावर केळी आणि भाजीपाला निघत असे. अभयारण्य झाल्यावर ती शेती थांबली. तिच्या जागी वेड्या बाभळीने बस्तान बसवले, जी काढता काढता वनखात्याच्या नाकी नऊ आले आहेत.

वरच्या पठारावर काळी आणि मुरमाड जमीन आलटून पालटून येते. वर्षाकाठी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस होतो आणि तोही भरवशाचा नसतो. खरिपात सोयाबीन, कापूस, तूर. ओल राहिली तर रब्बीत हरभरा आणि गहू. ज्वारी मागे पडली. तालुक्याचे खरे अर्थकारण हे एवढेच आहे, आणि ते पावसाकडे पाहून चालते, सरोवराकडे पाहून नव्हे.

गावाची वाढही याच ओढाताणीतून झाली आहे. एका बाजूला खोल विवर आणि अभयारण्याची हद्द, तिकडे घर बांधता येत नाही. गावाच्या मधोमध दैत्यसूदनाचे मंदिर. लोणासुराला मारणाऱ्या विष्णूचे हे देऊळ कोरीव कामासाठी नावाजलेले आहे आणि केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. २०१० मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाभोवती १०० मीटरांत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीची अट आहे. जुन्या गल्लीतल्या पडक्या भिंतीची डागडुजी करायची तरी अर्ज करावा लागतो. तेव्हा नवी वस्ती मोकळ्या माळावर, मेहकर-मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेने सरकत गेली. जुने गाव दाट आणि वाकड्या बोळांचे. नवी वस्ती ऐसपैस, पण गटार-रस्त्यांच्या बाबतीत मागाहून सुचल्यासारखी. गावाचे सांडपाणी उताराने सरोवरात जाते, हा प्रश्न वर्षानुवर्षे न्यायालयापर्यंत गाजतो आहे. गाव आणि सरोवर यांचा कागदावर संबंध जोडला जातो तो बहुतेक वेळा याच तक्रारीच्या निमित्ताने, हे काही भूषणावह नाही.

लोणारला नगर परिषद आहे, म्हणून जनगणनेत ते ‘नागरी’ ठरते. नागरी ठरण्याच्या दोन वाटा आहेत. नगर परिषद, महानगरपालिका किंवा छावणी असली की आपोआप शिक्का बसतो. नसेल तर किमान पाच हजार लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेरचे, अशा तीन कसोट्या लागतात. पहिल्या वाटेने आलेल्या गावाला दुसरी परीक्षा द्यावी लागत नाही. त्यामुळे ज्या घराच्या ओसरीवर सोयाबीनची पोती रचलेली आणि अंगणात बैल बांधलेला, ते घरही नागरी रकान्यात जाते. २०११ साली बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती आणि तिच्यातला सुमारे पाचवा हिस्सा नागरी होता. लोणारचे २३ हजारांच्या आसपासचे लोक त्याच हिश्श्यात मोजले गेले.

माणसे मोजण्याचे काम वरून वाटते तितके सरळ नाही. २०११च्या फेरीत आधी घरयादी झाली आणि प्रत्यक्ष गणना ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत. एका प्रगणकाच्या वाट्याला साधारण ६५० ते ८०० माणसांचा गट. प्रगणक बहुधा शाळेतले शिक्षक. शाळा सांभाळून हे काम. पहिले दोन-तीन दिवस नजरी नकाशा काढण्यात जातात. उत्तर वर धरायची, कोपऱ्यावरचे देऊळ, हातपंप, पिठाची गिरणी अशा खुणा टाकायच्या, आणि घरांचे क्रमांक नकाशावर बाणाने फिरवत न्यायचे. जुन्या बोळात हा बाण हमखास अडतो. एकाच दरवाजातून आत गेल्यावर चौकाभोवती चार बिऱ्हाडे निघतात, त्यांतले एक मागच्या गल्लीत उघडते, आणि त्या गल्लीतल्या प्रगणकानेही त्याला क्रमांक दिलेला असतो.

फेब्रुवारी हा कामाचा महिना. हरभरा काढणीला आलेला, तुरीचे खळे सुरू. दिवसा दारांना कड्या असतात. माणसे भेटतात ती सकाळी शेतावर निघायच्या आधी किंवा रात्री जेवणे उरकल्यावर. तेव्हा ओसरीवरच्या दिव्याखाली अर्ज पसरून प्रश्नांना सुरुवात होते. कुटुंबाची व्याख्या पुस्तिकेत स्पष्ट आहे: एका सामाईक स्वयंपाकघरातून जेवणारी माणसे. प्रत्यक्षात उत्तर येते ते असे.

“एकाच वाड्यात राहतो सारे, गुरुजी. पन चूल वायली.”

“केव्हापासून वेगळी?”

“या दिवाळीपासून. म्हातारी तिकडं जेवते, निजते इकडं.”

म्हातारी कोणत्या अर्जात घ्यायची, हे तिथेच ठरवावे लागते. वयाचा रकाना त्याहून अवघड. तरुणांकडे शाळेचा दाखला असतो, म्हाताऱ्यांकडे आठवणी असतात.

“माय, वय किती लिहू?”

“ल्हा साठ-पासष्ट. तुमालाच ठाव.”

मग मागून मोजत जावे लागते. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होतात का, लग्न झाले होते का, थोरला पोरगा तेव्हा किती होता. दुष्काळ ही या भागातली सर्वांत खात्रीची तारीख आहे. एवढे करूनही वये शून्याच्या आणि पाचाच्या आकड्यांवर गोळा होतात. भारतातल्या जनगणनेच्या वयतक्त्यांत दिसणारी ही जुनी खोड लोणारच्या ओसरीवरूनच सुरू होते, असे म्हटले तरी चालेल.

बाईच्या कामाचा प्रश्न सर्वांत जास्त वेळ खातो, आणि खायलाच हवा. “ती काही करत नाही, घरीच असते,” असे उत्तर घरातला पुरुष देतो. प्रगणक मुरलेला असेल तर तिथे थांबत नाही. निंदणाला जाता का, कापूस वेचायला, हरभरा सोंगायला जाता का, असे एकेक काम नाव घेऊन विचारतो. मग दाराआडून आवाज येतो, “जाते की. जाणार नाही तर कसं?” वर्षात सहा महिने किंवा अधिक काम असेल तर मुख्य कामकरी, त्याहून कमी असेल तर सीमांत. दिवस मोजत गेले की घरीच असणारी बाई बहुधा शेतमजूर ठरते. न विचारता टाकलेल्या एका शून्याने तालुक्यातल्या बायांचे निम्मे कष्ट कागदावरून पुसले जातात. मुलांबाबतही हेच. “मुलं किती?” असे विचारले तर पुष्कळदा फक्त मुलगे मोजले जातात. मुलगे किती आणि मुली किती, हे दोन वेगळे प्रश्न करावे लागतात. ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण २०११ साली या जिल्ह्यात ९००च्याही खाली होते. त्या आकड्याचा सगळा दोष मोजणीवर ढकलता येणार नाही. गर्भलिंगनिदानाची काळी बाजू त्यामागे आहेच. पण म्हणूनच मोजणीत हयगय चालत नाही.

गावाभोवतीच्या तांड्यांवर काम करताना आणखी एक गोष्ट उमगते. दिवाळीनंतर या पट्ट्यातली बरीच कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात. बिऱ्हाड, बैल, लहान पोरे, सारेच जाते. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी एखादी मुलगी. गणनेचा नियम असा की, जो माणूस गणनेच्या संपूर्ण काळात घरापासून दूर असेल तो जिथे असेल तिथे मोजायचा. गाळप हंगाम फेब्रुवारीत भरात असतो. त्यामुळे तांड्यावरची माणसे कारखान्याच्या जिल्ह्यात, फडाजवळच्या कोपीत मोजली जातात, आणि तांड्यावर कुलपे मोजली जातात. शिधावाटप दुकानाची यादी आणि जनगणनेचा आकडा जुळत नाही म्हणून कुणी ओरड केली, तर त्याचे एक कारण हे असते. मातृभाषेच्या रकान्यात तांड्यावरचे लोक गोरमाटी किंवा बंजारा सांगतात. प्रगणक तसेच लिहितो. पुढे तक्ते करताना लमाणी-लंबाडी ही बोली हिंदीच्या गटात जाते. लोणारच्या रस्त्यावर कान दिला तर मराठी, उर्दू, गोरमाटी आणि व्यापारपेठेतली मारवाडी या चारही भाषा ऐकू येतात. तक्त्यातून त्यांचे प्रमाण ताडायचे तर ही गटवारी ध्यानात ठेवावी लागते.

मोजणीत न येणारी माणसेही कमी नाहीत. नवरात्रात कमळजेच्या दर्शनाला सारा तालुका विवरात उतरतो. सुट्टीच्या दिवशी काठावर गाड्यांची रांग लागते. समृद्धी महामार्ग मेहकरजवळून गेल्यापासून छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरहून येऊन त्याच दिवशी परतणे सोपे झाले आहे. पर्यटक काठावर उभा राहून छायाचित्रे काढतो, चहा पितो आणि जातो. मुक्काम करणारे थोडे, त्यामुळे गाइड, चहावाले आणि काही भोजनालये सोडली तर त्या गर्दीचा पैसा गावात फारसा झिरपत नाही. जगभरातले संशोधक मात्र आवर्जून राहतात. उल्काविवरासाठी मंगळ आणि चंद्राचे अभ्यासक इथे येतात, ही गोष्ट लोणारकर अभिमानाने सांगतात, आणि लगेच नळाला किती दिवसांनी पाणी येते तेही सांगतात.

लोणारबद्दल लिहू पाहणाऱ्याने निदान एक सकाळ काठाकडे पाठ करून गावात काढावी: धारेपासून दैत्यसूदनापर्यंतच्या बोळांतून, मग बाजारातून, शेवटी नव्या वस्तीच्या टोकापर्यंत. इथले पाणी कुठून येते, माणसे कुठे जातात आणि गाव कोणत्या दिशेला वाढते, हे तेवढ्या चालीत कळते. काठावरून ते दिसत नाही.

२०२१ची जनगणना झाली नाही. पुढची गणना दोन टप्प्यांत ठरली आहे: २०२६ मध्ये घरयादी आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी, १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून. नोंदी या वेळी मोबाइलवर होतील आणि १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची नोंद घेतली जाईल. महिना पुन्हा फेब्रुवारीचाच आहे, म्हणजे ऊसतोडीला गेलेले तांडे याही खेपेला फडावरच मोजले जातील. ते आकडे हाती येईपर्यंत लोणारच्या पाणीयोजनेपासून दवाखान्यातल्या खाटांपर्यंतचा हिशेब २०११च्या लोकसंख्येवरच मांडावा लागतो.